जुना फ्लॅट घेण्यापूर्वी ओलीचा उगम कसा शोधावा

जुना फ्लॅट पाहायला निघालेल्या माणसाला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "पावसाळ्यात बघा, गळती आपोआप कळेल". हा सल्ला अर्धाच खरा आहे. वरच्या मजल्यावरील बाथरूमच्या फरशीखालून झिरपणारे पाणी मे महिन्यातही तितकेच झिरपते, आणि भर पावसात ही ओल आणि पावसाची ओल एकमेकांत अशी मिसळते की कोणती कुठली हे ओळखणे अधिकच अवघड होते. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात खरेदीदारांच्या वतीने पुनर्विक्रीचे फ्लॅट तपासण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे. घरातील बहुतेक दोष डोळसपणे पाहिले की दिसतात. ओलीचा डाग दिसतो, परंतु त्याचा उगम दिसत नाही.

१. सोपी कामे आधी उरकावीत

सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल मागावा. गृहनिर्माण सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचे ऑडिट दर 5 वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर 3 वर्षांनी होणे अपेक्षित असते. विजेच्या बोर्डावरील आरसीसीबीचे (विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे) चाचणी बटण दाबावे, पुरवठा तत्काळ तुटला नाही तर तो स्विच बदलण्याचा खर्च धरावा. सर्व नळ एकाच वेळी उघडून धार पाहावी, खिडक्या-दारे उघडून बंद करावीत.

२. नव्या रंगाखालचे पाहावे

विक्रीपूर्वी घर रंगवून घेणे यात गैर काही नाही, मात्र एकाच खोलीची एकच भिंत किंवा पॅसेजच्या छताचा एकच तुकडा नव्याने रंगविलेला असेल तर तेथे थांबावे. दिवे बंद करून टॉर्च भिंतीला चिकटवून तिचा प्रकाश भिंतीवरून आडवा सोडावा. समोरून अजिबात न दिसणारे पोपडे, पुट्टीचे थिगळ आणि फुगलेले प्लास्टर या प्रकाशात स्पष्ट उठून दिसतात. भिंतीतील कपाटे रिकामी नसली तरी त्यांच्या मागच्या फळीवर आणि तळाच्या प्लायवर हात फिरवावा. पीओपीचे छत असल्यास मालकाच्या परवानगीने एखादा दिवा उतरवून आत पाहावे.

३. डाग कोठे आहे यापेक्षा तो केव्हा वाढतो हे विचारावे

या टप्प्याने मला सुरुवातीच्या काळात फार छळले, कारण डागाच्या नेमक्या वर जे आहे तेच दोषी असणार, असे प्रत्येक जण सांगत असतो आणि ते पटतही असते. प्रत्यक्षात आपल्याकडील बहुतेक जुन्या इमारतींत बाथरूम व संडासाखालचा स्लॅब खाली उतरविलेला असतो. त्या खोलगट भागात विटांचे तुकडे व कोबा भरून वर फरशी बसविलेली असते आणि सांडपाण्याचे पाइप त्या भरावातूनच जातात. न्हाणी ट्रॅपचा (बाथरूमच्या जाळीखाली बसविलेल्या, सांडपाणी पाइपकडे नेणाऱ्या भांड्याचा) सांधा सुटला की पाणी आधी हा भराव भरून काढते आणि मग जेथे वाट मिळेल तेथून बाहेर पडते. ती वाट तुळईलगत, शेजारच्या बेडरूमच्या भिंतीत किंवा स्लॅबमध्ये पुरलेल्या विजेच्या नळीतून थेट पंख्याच्या हुकापर्यंतही जाऊ शकते. म्हणून हॉलमधील पंख्यापाशी पाणी ठिबकते आहे एवढ्यावरून वरच्या हॉलची फरशी फोडायला सांगणारा सल्लागार त्याच क्षणी बदलावा.

जागा फसवते, वेळ सहसा फसवत नाही. घरात राहणाऱ्यांना, आणि शक्य असल्यास घरकामाला येणाऱ्या बाईंनाही, ओल दिवसाच्या कोणत्या वेळी व वर्षाच्या कोणत्या काळात वाढते हे विचारावे. सकाळच्या आंघोळींनंतर वाढून दुपारनंतर ओसरणारी ओल सांडपाण्याच्या वाटेची, म्हणजे ट्रॅप, सांधे किंवा फरशीची असते. रात्रंदिवस एकसारखी राहणारी ओल गच्चीवरील टाकीतून येणाऱ्या, भिंतीत दडविलेल्या पाण्याच्या पाइपची असण्याचा संभव अधिक, कारण त्या पाइपमध्ये नळ बंद असतानाही पाण्याचा दाब कायम असतो. पावसाबरोबर येणारी आणि पाऊस थांबल्यावरही कित्येक दिवस रेंगाळणारी ओल बाहेरच्या भिंतीची, खिडकीच्या चौकटीची किंवा गच्चीची समजावी. कोकणपट्टीत नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस झोडपत असल्याने पश्चिम व दक्षिणेच्या भिंती आधी तपासाव्यात.

४. मग चाचणी करावी, आणि एका दिवशी एकच

टाकीकडून वरच्या फ्लॅटकडे येणारा व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवून सकाळी ठिबक मंदावली का ते प्रथम पाहावे. नसेल, तर वरच्या बाथरूममधील ट्रॅप कापडाने घट्ट बुजवून फरशीवर पाणी साठवावे, भिंतीच्या टाइलवर पेन्सिलीने पातळीची खूण करावी आणि 24 तास कोणी ते बाथरूम वापरू नये. पातळी ठळकपणे उतरली आणि खाली ओल वाढली तर दोष फरशीच्या वॉटरप्रूफिंगचा आहे. पातळी तशीच राहिली तर फरशी निर्दोष धरून, दुसऱ्या दिवशी फरशी कोरडी ठेवून फक्त ट्रॅपमध्ये पाणी ओतावे. दोन्ही बाथरूम, सिंक आणि बाल्कनी एकाच दिवशी पाण्याने भरून "चाचणी झाली" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, कारण अशा चाचणीतून खाली ओल आली तरी ती कशामुळे आली हे कोणालाच सांगता येत नाही.

पाण्यात खाण्याचा रंग मिसळण्याची युक्ती चांगली आहे, परंतु ती एकाच दिशेने विश्वासार्ह आहे. रंग खाली उतरला तर उगम सिद्ध झाला. रंग उतरला नाही म्हणून वरचे बाथरूम निर्दोष ठरत नाही, कारण विटांच्या भरावातून मुरताना रंग अडतो किंवा आधीच साठलेल्या पाण्यात पातळ होऊन नाहीसा होतो.

उपकरणांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. दोन सुयांचा मॉइश्चर मीटर पाणी मोजत नाही, तो दोन सुयांमधील विद्युतवहन मोजतो, आणि लोणा लागलेल्या भिंतीतील क्षारांमुळे ती भिंत कोरडी असतानाही आकडा चढतो. शिवाय त्याचे आकडे बहुधा लाकडासाठी ठरविलेले असतात, त्यामुळे "भिंतीत 22 टक्के ओल" असे लिहिलेल्या अहवालावर विसंबू नये. त्याच भिंतीवर स्कर्टिंगपासून (भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीपासून) वर वीतभर अंतराने नोंदी घेऊन कोणत्या बाजूला आकडा वाढत जातो हे पाहण्यासाठी मात्र तो फार उपयोगी आहे. थर्मल कॅमेरा केवळ पृष्ठभागाचे तापमान दाखवितो. एसीच्या झोताखालची कोरडी भिंतही त्यात ओली वाटू शकते.

उगम सापडण्यापूर्वी आतल्या बाजूने वॉटरप्रूफ रंग किंवा रसायनाचा लेप लावून घेण्याचा सल्ला कृपया मानू नये. पाणी मागून येत असताना समोरून वाट बंद केली की ते भिंतीतच अडकते, बाजूने बाहेर पडते आणि स्लॅबमधील सळ्यांना अधिक काळ भिजवत ठेवते.

५. छत ठोकून पाहावे

तांबूस डाग आणि सळीच्या रेषेत धावणारी तडा दिसली तर लहान हातोडीने तेथे हलकेच ठोकावे. पोकळ आवाज आल्यास सळी गंजून फुगली आहे आणि तिने वरचे काँक्रीट सुटे केले आहे असे समजावे. स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहेपर्यंत किमतीची बोलणी थांबवावीत.

६. खर्च कोणाचा हे लेखी करून घ्यावे

आदर्श उपविधींनुसार पावसाची गळती, बाहेरच्या सामाईक पाइपची गळती आणि गच्चीमुळे खराब झालेले वरच्या मजल्याचे छत ही सोसायटीची जबाबदारी असते, तर संडास-सिंकसारख्या आतल्या गळतीचा खर्च संबंधित सभासदाने करायचा असतो. सोसायटीच्या "आम्ही बघू" या उत्तरावर न थांबता उगम नोंदविलेले पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाचा कायदा, लागू असलेल्या प्रकल्पात ताबा दिल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामाचा दोष दाखवून दिला तर विकासकाने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो, आणि पुनर्विक्रीत फ्लॅट घेणाऱ्यालाही हा हक्क मिळतो. म्हणून विक्रेत्याकडून मूळ ताबापत्राची प्रत अवश्य घ्यावी.

वरच्या फ्लॅटचे मालक चाचणीला दार उघडत नसतील तर उगम अज्ञात आहे असेच धरावे, विक्रेत्याचा "ते किरकोळ आहे" हा दिलासा हिशेबात घेऊ नये, आणि सोसायटीच्या मध्यस्थीने चाचणी होईपर्यंत टोकन रक्कम देऊ नये.