जुना प्रोफेशनल डीएसएलआर आणि नवा मिररलेस: तुलना करताना या चुका टाळा

गेल्या लग्नसराईत भाच्याने मला दोन फोटो पाठवले. दोन्ही एकाच हळदीतले, एकाच मांडवातले. एक त्याच्या मित्राच्या जुन्या कॅनन ५डी मार्क ३ या डीएसएलआरवर (आत आरसा असलेला कॅमेरा) काढलेला, दुसरा त्याच्या स्वतःच्या नव्याकोऱ्या ईओएस आर५० या मिररलेसवर (आरसा नसलेला कॅमेरा). पहिल्यात नवरीचा चेहरा स्वच्छ होता आणि मागची झेंडूची तोरणं छान विरघळली होती. दुसऱ्यात गालावर नॉइज, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, आणि मागे कूलरसकट प्लास्टिकच्या खुर्च्या. खाली एकच ओळ: "मामा, आर५० विकून टाकू का?"

मी उलट विचारलं, लेन्स कुठल्या होत्या? ५डीवर २४-७० एफ २.८ (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते), आणि आर५० वर कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-४५, म्हणजे किट लेन्स. दुखणं तिथेच होतं.

ही जोडी मी मुद्दाम घेतली आहे, कारण माझ्याकडे येणारे बहुतेक प्रश्न तिच्याबद्दलच असतात. ५डी मार्क ३ २०१२ चा: फुल फ्रेम (मोठा सेन्सर), २२.३ मेगापिक्सेल, दणकट बॉडी. आर५० २०२३ चा: एपीएस-सी (त्याहून लहान सेन्सर), २४.२ मेगापिक्सेल, कॅननच्या मिररलेस रांगेतला नवशिक्यांसाठीचा कॅमेरा. पिक्सेल जवळपास सारखे असल्याने दोन्ही फोटो शंभर टक्के मोठे करून शेजारी ठेवता येतात. हीच तुलना ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याशी करायची असेल, तर आधी दोन्ही फोटो एकाच मापात आणा. नाहीतर जास्त मेगापिक्सेलवाला उगाचच गढूळ दिसतो.

लेन्सचा दोष बॉडीच्या माथी मारू नका

भाच्याच्या फोटोंचा हिशोब मांडून पाहू. आर५० चा क्रॉप १.६ पट, म्हणजे लहान सेन्सरमुळे चौकट तेवढी अरुंद होते, म्हणून ४५ मिमी वर जी चौकट मिळते ती फुल फ्रेमवरच्या ७२ मिमी इतकी. म्हणजे दोघांनी चौकट सारखीच घेतली होती. पण त्या टोकाला किट लेन्स एफ ६.३ च्या पुढे उघडत नाही आणि दुसरी एफ २.८ वर होती. तेवढ्याने प्रकाशात पाचपट फरक पडतो. एका कॅमेऱ्याला आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० पुरला, तिथे दुसऱ्याला ८००० लागला. सेन्सरच्या आकाराचा फरक यानंतर येतो: फुल फ्रेमचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिमी, आर५० चं साधारण ३३२, म्हणजे अडीचपटीहून थोडं जास्त. पाचपट लेन्समुळे आणि अडीचपट सेन्सरमुळे. दोष बॉडीला दिला, पण मोठा वाटा लेन्सचा होता.

खरी तुलना करायची तर एकच लेन्स दोन्हीवर लावा. ५डीची ईएफ लेन्स (कॅननच्या डीएसएलआरची लेन्स) कॅननच्या ईएफ-ईओएस आर अडॅप्टरने आर५० वर ऑटोफोकससह नीट चालते. साधी ५० मिमी एफ १.८ घ्या. ५डीवर दोन मीटरवरून काढलेली चौकट आर५० वर हवी असेल तर साधारण सव्वातीन मीटरवर उभे राहा. शटर, अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडं भोक), आयएसओ हाताने सारखे ठेवा, व्हाइट बॅलन्स एकच ठेवा आणि रॉमध्येच (कॅमेऱ्याने न सजवलेल्या कच्च्या फाइलमध्ये) काढा. जेपीईजीमध्ये प्रत्येक कॅमेरा आपापल्या चवीने रंग चढवतो आणि नॉइज पुसतो, मग आपण पाहतो ते सॉफ्टवेअर. नंतर दोन्ही फाइल्स एकाच प्रोग्रॅममध्ये उघडा. कॅननचा डिजिटल फोटो प्रोफेशनल मोफत मिळतो.

आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पाहून निकाल लावू नका. आर५० ची स्क्रीन १६.२ लाख ठिपक्यांची, ५डी मार्क ३ ची १०.४ लाखांची. नव्या कॅमेऱ्यावर फोटो जास्त रेखीव दिसतो तो त्यामुळेही.

असं केलं की चित्र बदलतं. कमी उजेडात ५डी अजूनही पुढे राहतो, पण ते अंतर मांडवातल्या त्या दोन फोटोंइतकं नसतं. उलट आयएसओ १०० वर काढलेल्या फोटोतल्या सावल्या उजळायला घ्या, ५डी मार्क ३ मधला नॉइज पट्ट्यांच्या रूपात वर येतो. काळ्या शेरवानीवर तो लगेच दिसतो.

मुंडावळ्या शार्प आणि डोळे मऊ

प्रोफेशनल डीएसएलआर पहिल्यांदा हातात घेणाऱ्याची ही ठरलेली तक्रार. नवरीच्या मुंडावळ्यांचा मोती न मोती मोजता येतो आणि पापण्या मात्र धूसर. मग लेन्स खराब असल्याचा निष्कर्ष निघतो, किंवा "मिररलेसच शार्प" असा.

डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून पाहताना फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असतो आणि फोटो घेणारा वेगळा. दोघांच्या अंतरात किंचित तफावत असली की फोकस पुढे किंवा मागे सरकतो. मिररलेसमध्ये फोकस फोटो घेणाऱ्या सेन्सरवरच ठरतो, म्हणून या जातीची चूक तिथे होत नाही.

दोष कशाचा हे पाच मिनिटांत कळतं. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा. ५० मिमी लेन्स असेल तर अडीच मीटरवर एखादा छापील कागद उभा करा आणि शेजारी एक फूटपट्टी तिरकी टेकवून ठेवा. लेन्स पूर्ण उघडी. आधी व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून चार-पाच फोटो काढा, दर वेळी फोकस मुद्दाम बिघडवून पुन्हा करा. मग लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर पाहून फोटो काढणं) चालू करून तेवढेच काढा. लाइव्ह व्ह्यूतले शार्प आणि व्ह्यूफाइंडरमधले मऊ आले तर लेन्स ठीक आहे, जुळवणी चुकली आहे. ५डी मार्क ३ च्या ऑटोफोकस मेन्यूत ही जुळवणी सुधारायला मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट आहे, उणे २० ते अधिक २०. पट्टीवर फोकस कुठे बसला ते बघत दोन-दोन आकड्यांनी सरकवा. दोन्हीकडचे फोटो मऊ आले तरच लेन्स दुरुस्तीला न्या.

दुसरं कारण आपल्या सवयीतलं असतं. ५डी मार्क ३ चे ६१ फोकस पॉइंट चौकटीच्या मधल्या भागात दाटलेले आहेत. मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस धरून मग कॅमेरा वळवला, तर एफ १.८ वर तेवढ्या वळणानेही डोळा सुटतो. चेहऱ्याच्या सर्वांत जवळचा पॉइंट निवडायची सवय लावा. आर५० डोळा स्वतः शोधतो, अगदी चौकटीच्या कडेलाही. नवशिक्यासाठी या एका गोष्टीचं मोल मला सेन्सरच्या आकारापेक्षा जास्त वाटतं.

फोटोवर आडवे पट्टे

हा मिररलेसवाल्यांचा ठरलेला प्रश्न. मंगलाष्टकं चालू असताना आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं आणि घरी येऊन बघतो तर अर्ध्या फोटोंवर काळसर पट्टे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे कार्यालयातले स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतं, मग काही ओळी उजेडात आणि काही अंधारात सापडतात. अशा लाइटखाली शटर मोड 'इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन' (सुरुवात इलेक्ट्रॉनिक, शेवट यांत्रिक पडद्याने) ठेवा आणि वेग १/१०० किंवा १/५०. इलेक्ट्रॉनिक शटर दिवसाच्या उजेडासाठी, तेही समोर फार हालचाल नसताना. लेझीम खेळणाऱ्याचा हात त्यात वाकडा येतो.

आर५० ला पूर्ण यांत्रिक शटर नाहीच. भर उन्हात एफ १.८ आणि फार जलद शटर वापरलं तर मागचे गोल ठिपके कापल्यासारखे येतात. लेन्सला दोष देऊ नका, अ‍ॅपर्चर जरा बंद करा.

जुना फ्लॅश बसतो, पण पेटत नाही

आर५० च्या शूमध्ये (वरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेत) जुन्या पद्धतीचे कॉन्टॅक्ट नाहीत. जुन्या स्पीडलाइटसाठी, म्हणजे कॅननच्या वेगळ्या फ्लॅशसाठी, कॅननचा एडी-ई१ अडॅप्टर लागतो. फ्लॅश बिघडला समजून दुरुस्तीला टाकलेले लोक मी पाहिले आहेत. आधी हे तपासा.

कामाच्या ऑर्डरला एकच कार्ड

फोटोंचा दर्जा कितीही जवळ आला तरी इथे माझं मत पक्कं आहे. ५डी मार्क ३ मध्ये सीएफ आणि एसडी अशी दोन कार्डं एकाच वेळी भरता येतात. आर५० मध्ये एकच. कुणाच्या लग्नातला अंतरपाट सरकण्याचा क्षण त्या एका कार्डावर असताना कार्ड गेलं, तर तो पुन्हा उभा करता येत नाही. पैसे घेऊन लग्नाचे फोटो काढणार असाल तर दोन कार्डांची बॉडी हवीच, स्वतःची नसेल तर भाड्याने आणा. एक सूचना: ५डी मार्क ३ चा एसडी स्लॉट हळू आहे, सलग फोटो काढताना दोन्हीत रॉ लिहायला लावलं तर कॅमेरा अडतो. सीएफवर रॉ आणि एसडीवर जेपीईजी ठेवा.

बॅटरीचंही तसंच. ५डीची १८०० एमएएचची, आर५० ची १०४० ची, आणि आर५० ला स्क्रीन किंवा व्ह्यूफाइंडर सतत पेटता ठेवावा लागतो. खिशात निदान दोन जादा असू द्या.

वापरलेला कॅमेरा घेताना

लोक शटर काउंट (आतापर्यंत किती क्लिक झाले) विचारतात आणि तिथेच थांबतात. ५डी मार्क ३ चं शटर दीड लाख क्लिकसाठी तपासलेलं आहे, त्यामुळे आकडा महत्त्वाचा खराच. पण मी स्वतः फसलो तो लेन्समध्ये. एका दुकानातून घेतलेली वापरलेली ८५ मिमी दुकानाच्या ट्यूबलाइटखाली काचेसारखी स्वच्छ दिसत होती. घरी अंधाऱ्या खोलीत मागच्या बाजूने मोबाइलची टॉर्च मारली, तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात लेन्स बॅगेतच राहिली की हे हमखास होतं. दुकानातच अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून, टॉर्च तिरकी धरून बघा. घेतल्यावर सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा आणि जेल ओलं झालं की बदला.

आणखी एक: ५डीवर ईएफ-एस लेन्स (कॅननच्या क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरच्या, डीएसएलआरची) बसत नाही. घरात जुन्या क्रॉप बॉडीची १८-५५ पडली आहे म्हणून हिशोब धरू नका.

भाच्याने आर५० विकला नाही. आधी अडॅप्टर आणि ५० मिमी घेतली, नंतर सिग्माची १८-५० एफ २.८, जी २०२४ पासून आर५० च्या माउंटसाठी (लेन्स जोडायच्या कड्यासाठी) मिळते. साखरपुडे, बारसं आणि घरगुती कार्यक्रम तो त्याच्यावरच करतो. मोठ्या लग्नाला मित्राचा ५डी भाड्याने आणतो आणि अंतरपाटाच्या वेळी तोच गळ्यात असतो.