वजन जास्त असलेल्या मुलांमधला धोका वेळीच कसा ओळखावा: शाळेत तपासणीला जाणाऱ्या सिस्टरसाठी

ठाण्यात घोडबंदर रोडची सोसायटी असो की कळव्याची चाळ, शाळा, क्लास आणि मोबाइल यांत पोरांचं खेळणं सगळीकडेच संपत चाललंय. तपासणीत वजन लिहून आपण पुढचं नाव पुकारतो. तिथे थांबू नका.

आधी मान बघा, केस बाजूला सारून. त्वचा काळपट, जाडसर, हाताला मखमलीसारखी लागते का? काखेतही बघा. आई म्हणेल, "सिस्टर, मळ आहे, कितीही घासलं तरी जात नाही." तो मळ नसतो. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की रक्तातलं इन्सुलिन वाढतं, त्याची ही खूण असू शकते. घासणं थांबवायला सांगा, त्याने कातडी सोलवटते.

मग टेप, पण पडद्याआड. वर्गासमोर कंबर मोजली तर पोरगं पुढच्या तपासणीला दांडीच मारणार. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, न आवळता मोजा. कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरली तर पोटातली चरबी वाढलीय असं धरा; 150 सेंटीमीटर उंचीला 75 ही हद्द. बीएमआयसाठी (उंचीच्या मानाने वजन) मोठ्यांचे आकडे लावू नका, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे 2015 चे तक्ते घ्या.

बीपी पाच मिनिटं शांत बसवून घ्या. भरदार दंडाला लहान कफ (बीपी मोजायचा पट्टा) लावला की बीपी उगाच जास्त येतं, म्हणून मोठा कफ सोबत हवाच. 13 वर्षांपुढे 130/80 किंवा जास्त आलं तर वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजा.

घरात कुणाला मधुमेह आहे का? मूल घोरतं का, वर्गात पेंगतं का? पाळी सुरू होऊन तीन वर्षं झाली तरी अनियमित आहे का, हनुवटीवर राठ केस आहेत का? हे मुलीला एकटीला विचारा. सारखी तहान, रात्री लघवीला उठणं आणि वजन उतरणं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा.

यातली कुठलीही खूण दिसलेल्या बाकीच्या मुलांनाही डॉक्टरसाठी चिठ्ठी द्या: कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा जवळचे बालरोगतज्ज्ञ. उपाशीपोटी साखर, लिपिड (रक्तातली चरबी) आणि लिव्हरची तपासणी ते ठरवतील. साखर 100 ते 125 आली तर ती मधुमेहाच्या उंबरठ्यावरची. पालकांना "जाड" म्हणू नका, उपास सुचवू नका. आधी कोल्ड्रिंक बंद आणि रोज तासभर खेळ, एवढंच सांगा. महिन्याभराने फोन करून चिठ्ठीचं काय झालं ते विचारा.