पेडिओसिनच्या प्रयोगाआधीची तयारी

जिवाणू वाढवण्याच्या माध्यमातला एखादा घटक बदलल्यावर पेडिओकॉकस अ‍ॅसिडिलॅक्टिसी या लॅक्टिक आम्ल जिवाणूची वाढ आणि त्याचे पेडिओसिन (इतर जिवाणूंना रोखणारे प्रथिन) या दोन गोष्टी स्वतंत्रपणे मोजायच्या आहेत, हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावे. नळीतला गढूळपणा वाढला म्हणजे पेडिओसिनही वाढले असे धरून चालणे, हीच इथली नेहमीची चूक आहे.

वाण मागवताना तो पेडिओसिन तयार करतो अशी नोंद आहे ना, ते पाहावे. प्रजातीचे नाव जुळणे पुरेसे नाही, कारण पेडिओसिनची जनुके बहुधा प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या छोट्या डीएनए वर्तुळावर असतात आणि ते प्रत्येक वाणात असेलच असे नाही. वाण हाती येताच ग्लिसरॉलमध्ये पुरेशा कुप्या गोठवून ठेवाव्यात.

लॅक्टिक आम्ल जिवाणूंसाठी १९६० सालापासून वापरात असलेल्या एमआरएस माध्यमाची तयार भुकटी इथे उपयोगाची नाही, कारण तिच्यातून एखादा घटक वगळता येत नाही. लिटरमागे २० ग्रॅम ग्लुकोज, १० ग्रॅम पेप्टोन, ५ ग्रॅम सोडियम अ‍ॅसिटेट, २ ग्रॅम डायपोटॅशियम फॉस्फेट असे सगळे सुटे तोलावे. मँगनीज सल्फेट मात्र लिटरला ०.०५ ग्रॅमच लागते आणि साध्या तराजूवर तेवढे तोलणे म्हणजे अंदाजपंचे कारभार; म्हणून ०.५ ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून त्यातले १० मिलिलिटर घालावे. ग्लुकोज वेगळे निर्जंतुक करावे, नाहीतर ऑटोक्लेव्हमधून माध्यम चहाच्या रंगाचे होऊन बाहेर येते.

सर्वांत जास्त विचार सामूचा (पीएचचा) करावा. अ‍ॅसिटेट आणि फॉस्फेट सामू घसरू देत नाहीत, त्यामुळे पेशी भरपूर वाढतात; पण पेडिओसिनचा पूर्वगामी रेणू सक्रिय रूपात येण्याची क्रिया सामू ५ च्या खाली गेल्यावरच नीट होते, आणि सामू त्याहून वर धरून ठेवल्यास पेशी उदंड असूनही पेडिओसिन नगण्य मिळते. म्हणजे ग्लुकोज वाढवल्यावर दिसणारा फरक साखरेचा की तिच्यापासून झालेल्या आम्लाचा, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी या दोन क्षारांसह एक आणि त्यांच्याविना एक असे दोन संच लावावेत.

विरजण म्हणून घालायच्या पेशी अपकेंद्रित करून ०.८५ टक्के मिठाच्या निर्जंतुक द्रावणाने दोनदा धुवाव्यात, म्हणजे आदल्या रात्रीच्या माध्यमातला यीस्ट अर्क नव्या नळीत जाणार नाही.

पेडिओसिन सामू ६ च्या आसपास पेशींनाच चिकटून राहते. आम्ही पहिल्या खेपेस आधी सामू वाढवला, मग पेशी वेगळ्या केल्या आणि पेडिओसिनचा बराचसा भाग गाळासोबत फेकून दिला. म्हणून नमुना प्रथम सामू २ पर्यंत उतरवावा, अपकेंद्रित करावा आणि वरची निवळी नंतर ६.५ वर आणावी. निवळीत हायड्रोजन पेरॉक्साइड उरू नये म्हणून कॅटलेज घालावे आणि एका भागात प्रोटिनेज के हे प्रथिने तोडणारे विकर मिसळावे. त्या भागाचे प्रतिबंध वर्तुळ (चाचणीच्या जिवाणूची वाढ थांबलेली गोल जागा) नाहीसे झाले तरच परिणाम प्रथिनाचा मानावा. जिवाणू न घातलेले माध्यमही याच सगळ्या पायऱ्यांतून न्यावे. चाचणीसाठी लिस्टेरिया इनोक्युआ पुरेसा आहे; रोगकारक लिस्टेरिया मोनोसायटोजिनीस हाताळण्याचे कारण नाही.

वहीत गढूळपणा, सामू आणि पेडिओसिनच्या सक्रियतेची एकके असे तीन रकाने आखावेत आणि दर ४ तासांनी २४ तासांपर्यंत नोंदी घ्यायच्या असल्याने पहाटेच्या नोंदीला कोण येणार, हे विरजण घालण्याआधीच ठरवावे.