ग्रेट वेस्टर्नचं इंजिन नंबरावरून कसं ओळखायचं

ब्रिटनमधल्या ग्रेट वेस्टर्न रेल्वे कंपनीच्या वाफेच्या इंजिनाचा जुना फोटो हाती आला, की आधी कॅबच्या (चालकाच्या खोलीच्या) बाजूची नंबरप्लेट वाचा. समोर स्मोकबॉक्सच्या (बॉयलरच्या पुढच्या धुराच्या कप्प्याच्या) दारावर प्लेट दिसली तर फोटो १९४८ च्या राष्ट्रीयीकरणानंतरचा. कंपनीच्या काळात समोरचा नंबर बफर बीमवर (पुढच्या आडव्या तुळईवर) रंगवलेला असे.

चार अंकी नंबरात दुसरा अंक कामाचा. १९१२ च्या फेरक्रमांकनापासून एका वर्गाचे शंभर नंबर संपले की पहिला अंक बदलायचा, दुसरा तसाच ठेवायचा, अशी पद्धत पडली. म्हणून ४९००, ५९००, ६९००, ७९०० हे सगळे ‘हॉल’: दोन सिलिंडरचं ४-६-० (म्हणजे पुढची, मधली आणि मागची चाकं किती).​ दुसरा अंक ० असून नंबर ४०००, ५००० किंवा ७००० च्या शंभरात असेल तर चार सिलिंडरचं ‘स्टार’ किंवा ‘कॅसल’. ६००० ते ६०२९ म्हणजे ‘किंग’. ४३००, ५३००, ६३०० ही २-६-०. ५७००, ७७००, ८७०० ही पॅनियर टँक. त्यांच्या पाण्याच्या टाक्या बॉयलरच्या दोन्ही अंगांना गोण्यांसारख्या लटकतात, त्यामुळे खालच्या आतल्या यंत्रणेपर्यंत हात पोचतो. पण ४७०० पॅनियर नाही! ती नऊ मोठी २-८-० इंजिनं.

दुसरा अंक ८ असला तर मात्र चाकं मोजाच. २८०० मालगाडीचं २-८-०, ५८०० चिमुकलं ०-४-२ टँक (पाण्याची टाकी इंजिनावरच असलेलं), ६८०० ‘ग्रेंज’ ४-६-०. मोजताना फोटोत दिसणारी एका बाजूची चाकं दुप्पट करा: पुढची लहान, मधली जोडदांड्याची, मागची लहान, याच क्रमाने.

सगळ्यात फसवा नंबर ४८००. १९४६ पर्यंत तो ब्रांच लाइनवरच्या ०-४-२ टँकचा. त्या वर्षी त्या वर्गाला १४०० चे नंबर दिले, कारण तेलावर चालवायला बदललेल्या २८०० वर्गाच्या मालगाडीच्या इंजिनांना ४८०० हवे होते. तेलाचा प्रयोग फसला आणि ती मालगाडीची इंजिनं आपल्या जुन्या नंबरांवर परतली. ‘सिटी ऑफ ट्रुरो’ या प्रसिद्ध इंजिनाचा नंबरही असाच फसवा: १९१२ च्या आधी ३४४०, नंतर ३७१७. १९५७ मध्ये पुन्हा रुळांवर आलं ते ३४४० होऊन, म्हणून नुसत्या या नंबरावरून साल ठरवू नका.

२२०० च्या खालच्या नंबरांना हा नियम लावूच नका. १९२२-२३ मध्ये टॅफ व्हेल, ऱ्हिम्नीसारख्या वेल्श कंपन्यांची इंजिनं आली, ती तिथल्या रिकाम्या जागांत बसवली.

मग कॅबवरचा रंगीत गोल पाहा. रंगीत फोटो असेल तर उत्तमच. त्यातलं अक्षर ओढण्याची ताकद सांगतं, ए सगळ्यात कमी, ई जास्त. रंग आसावरचा भार सांगतो: पिवळा १६ टनांपर्यंत, निळा १७ टन १२ हंड्रेडवेटपर्यंत (हंड्रेडवेट म्हणजे टनाचा विसावा भाग), त्यावर लाल. ‘किंग’चा भार २२ टन १० हंड्रेडवेट, म्हणून त्याला दोन लाल गोल. एवढं वजन कॉर्नवॉलमध्ये नेणाऱ्या सॉल्टॅशच्या रॉयल आल्बर्ट पुलावर चालत नसे. तेव्हा कंपनीच्या काळातल्या ‘किंग’च्या फोटोखाली कॉर्नवॉल लिहिलेलं असेल तर ती ओळ खोडा.