पांढऱ्यावर पांढरी अक्षरं

वेबसाइटवर येणारे वाचक कमी होत गेले तेव्हा मी आधी होस्टिंग बदललं. फरक शून्य. मग एकदा होमपेजचा सोर्स उघडून बघितला. वरच मेटा कीवर्ड टॅगमध्ये, म्हणजे वाचकाला न दिसणाऱ्या, सर्च इंजिनसाठीच्या शब्दांच्या यादीत, साठेक शब्द कोंबलेले. रँकिंगसाठी, म्हणजे शोधाच्या निकालांतला क्रम ठरवताना, हा टॅग बघत नाही, असं गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. काढून टाकला.

खरी घाण फूटरमध्ये, पानाच्या तळाशी होती. रिकाम्या दिसणाऱ्या जागेवर माउस दाबून ओढला आणि निळ्या पट्ट्यात तीच ती वाक्यं उमटली, पांढऱ्यावर पांढरी! वाचकाला न दिसता फक्त सर्च इंजिनला फसवणारा असा मजकूर सरळ सरळ स्पॅममध्ये मोडतो. शिवाय एकाच मजकुराची, शब्द उलटसुलट केलेली नऊ पानं सापडली. त्यांचं एकच नीट पान केलं आणि जुन्या पत्त्यांवर ३०१ रिडायरेक्ट (जुना पत्ता उघडणाऱ्याला कायमचं नव्या पानावर नेणारी सोय) लावले, म्हणजे बाहेरून येणाऱ्या लिंक तुटत नाहीत.

रँकिंग वाढावं म्हणून दुसऱ्या साइट्सवर विकत घेतलेल्या लिंकचं काम चिवट. अशा बनावट लिंक हेरणाऱ्या गूगलच्या २०१२ च्या पेंग्विन अपडेटपासून त्या अंगाशी येतात. एकेका साइटला मेल करून काढायला लावल्या, त्यातच तीन आठवडे गेले. लेख मात्र माणसांनी वाचावेत म्हणून पुन्हा लिहिले, आणि मला सगळ्यात समाधान त्यातच मिळालं. दोनेक महिन्यांनी गूगलच्या सर्च कन्सोलमधला (शोधातून साइटवर किती जण येतात ते दाखवणारं साधन) आलेख हळूहळू वर सरकू लागला.