एसयूव्हीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑईल घरी बदलताय? या चुका टाळा

इंजिन ऑईल घरच्या घरी बदलण्याची सवय असलेला माणूस गिअरबॉक्सच्या ऑईलकडे वळतो, तेव्हा जुने काढायचे आणि नवे भरायचे एवढेच काम असल्याचे त्याने धरलेले असते. घरी होणाऱ्या चुकांपैकी बहुतेकांचे मूळ याच समजुतीत असते. इंजिनातील ऑईलचे मुख्य काम वंगणाचे आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील ऑईल, म्हणजे एटीएफ, वंगण तर करतेच, शिवाय टॉर्क कन्व्हर्टरमधून, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑईलच्या माध्यमातून जोडणाऱ्या भागातून, इंजिनाची ताकद पुढे पोहोचवते, दाबाखाली आतले क्लच आवळून धरते आणि त्यातून निर्माण होणारी उष्णता कूलरपर्यंत वाहून नेते. म्हणून त्याची जात आणि पातळी या दोन्ही बाबतींत इथे ‘साधारण बरोबर’ असून भागत नाही.

पहिली चूक गाडीखाली जाण्याच्या आधीच होते, आणि ती म्हणजे आपल्या गाडीत नेमका कोणता गिअरबॉक्स आहे याची खातरजमा न करणे. ह्युंदाई क्रेटाचेच उदाहरण घ्या. २०२४ मध्ये आलेल्या क्रेटात १.५ लिटर डिझेल इंजिनासोबत सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक मिळतो, साध्या पेट्रोल इंजिनासोबत सीव्हीटी प्रकारचा (ठरावीक गिअरऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारा), तर टर्बो पेट्रोलसोबत ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स मिळतो. बोलताना आपण तिन्हींना ‘ऑटोमॅटिक’च म्हणतो, परंतु त्यांची रचना निराळी आणि ऑईलही निराळे. महिंद्राच्या एक्सयूव्ही ३एक्सओमध्ये डिझेलला एएमटी, म्हणजे मुळात मॅन्युअल असलेलाच, पण क्लच आणि गिअर यंत्राने बदलणारा गिअरबॉक्स आहे, तर पेट्रोलला टॉर्क कन्व्हर्टर. सीव्हीटीत साधे एटीएफ भरले, तर पट्टा आणि पुली यांच्यातील पकड बिघडून गिअरबॉक्स निकामी होऊ शकतो. पुढील सर्व विवेचन फक्त टॉर्क कन्व्हर्टर प्रकाराबद्दल आहे. सीव्हीटी आणि ड्युअल क्लचचे काम घरी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘एटीएफ म्हणजे एटीएफ’ ही समजूत

दुकानात लाल रंगाचे कोणतेही एटीएफ पुढे केले जाते आणि ‘सगळ्यांना चालते’ असे सांगितले जाते. सर्वांचा रंग लाल असला तरी गुणधर्म एक नसतात. जुन्या डेक्सरॉन ३ प्रकारच्या ऑईलचा दाटपणा १०० अंश सेल्सिअसला साधारण ७ ते ७.५ सेंटिस्टोक असतो, तर फॉर्च्युनरसारख्या गाडीला लागणारे टोयोटाचे डब्ल्यूएस हे ऑईल त्याहून बरेच पातळ, साडेपाचच्या आसपास असते. गिअरबॉक्सच्या वॉल्व्ह बॉडीतील, म्हणजे ऑईलच्या वाटा आणि झडपा असलेल्या भागातील, बारीक छिद्रे आणि क्लचच्या पट्ट्या त्या विशिष्ट ऑईलचा विचार करूनच आखलेल्या असतात. ह्युंदाई-कियाच्या बाबतीतही एसपी-३ आणि एसपी-४ ही दोन वेगळी ऑईल आहेत आणि एसपी-४ मागणाऱ्या गाडीत एसपी-३ भरणे चूकच आहे. मालकाच्या पुस्तिकेत छापलेले नाव डब्यावर जसेच्या तसे असले पाहिजे, आणि डबा सीलबंद व पक्क्या बिलासह घेतलेला असावा. गिअर ऑईल म्हणून मिळणारे जीएल-४ किंवा जीएल-५ ऑईल मॅन्युअल गिअरबॉक्ससाठी आणि डिफरन्शियलसाठी (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागासाठी) असते. ते ऑटोमॅटिकमध्ये कदापि ओतू नये.

याच्या जोडीला ‘हे ऑईल आयुष्यभर बदलावे लागत नाही’ ही दुसरी समजूत येते. अनेक महागड्या एसयूव्हींना गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ ही कंपनी स्वतःच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑईल वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षे झाल्यावर बदलण्यास सांगते; उलट तोच गिअरबॉक्स वापरणाऱ्या काही मोटार कंपन्या मात्र त्याला कायमस्वरूपी मानत आल्या आहेत. अशा वेळी गिअरबॉक्स बनवणाऱ्याचे ऐकावे. सतत घाटात चालणारी, ट्रेलर ओढणारी किंवा शहरातल्या वाहतुकीत तासन्‌तास रांगणारी गाडी असेल, तर हे काम या मर्यादेच्या अलीकडच्या टोकालाच करून घ्यावे.

आधी ड्रेन प्लग उघडणे

ही चूक वरवर किरकोळ वाटते, पण माणसाला पुरते अडकवते. खालचा ड्रेन प्लग उघडून सगळे ऑईल भांड्यात उतरते आणि मग लक्षात येते की भरण्याचा प्लग गंजून घट्ट बसला आहे किंवा त्याचे तोंड पान्याने झिजून गोल झाले आहे. आता गाडी जॅकवर आहे, गिअरबॉक्स रिकामा आहे आणि ती चालवत गॅरेजला नेता येत नाही. म्हणून भरण्याचा प्लग, म्हणजे फिलर प्लग, आधी सैल करून पाहावा. तो सुटला तरच ड्रेन प्लगला हात लावावा. अनेक नव्या गाड्यांत डिपस्टिक नसते आणि पातळी पाहण्यासाठी ऑईल पॅनच्या तळाशी वेगळा चेक प्लग असतो. ड्रेन प्लग कोणता आणि चेक प्लग कोणता, हे सर्व्हिस मॅन्युअलमधील आकृतीवरून आधीच ओळखून ठेवावे.

उतरलेले ऑईल मोजण्याचे भांडे खुणा असलेलेच हवे. पॅनमधून ऑईल काढले म्हणजे सगळे निघाले, असे होत नाही. टॉर्क कन्व्हर्टर, वॉल्व्ह बॉडी आणि कूलरच्या नळ्या यांत निम्म्याहून अधिक ऑईल तसेच राहते. समजा, गिअरबॉक्समध्ये एकूण १० लिटर ऑईल आहे आणि ड्रेन प्लगमधून ४ लिटर उतरते. एकदा बदलल्यावर ४० टक्के, मध्ये काही दिवस गाडी चालवून दुसऱ्यांदा बदलल्यावर ६४ टक्के आणि तिसऱ्यांदा ७८ टक्के ऑईल नवे होते. डब्यावर किंवा इंटरनेटवर ‘एकूण क्षमता १० लिटर’ असे वाचून ४ लिटर काढल्यावर १० लिटर भरायला जाणारे लोक असतात. नियम साधा आहे: जेवढे उतरले तेवढेच सुरुवातीला भरावे आणि त्यानंतर पातळी तपासावी. एकाच वेळी सगळे ऑईल बदलण्यासाठी कूलरची नळी सोडून इंजिन चालू ठेवण्याची पद्धत आहे, पण त्यात पंप क्षणभर जरी कोरडा पडला तरी नुकसान होते. ती घरी करू नये.

पातळी तपासण्यातील चुका

सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. गरम झाल्यावर ऑईल फुगते. दहा लिटर ऑईलचे तापमान ६० अंशांनी वाढले, तर त्याचे आकारमान साधारण चार-साडेचारशे मिलिलिटरने वाढते. त्यामुळे पातळीला अर्थ येतो तो ठरावीक तापमानालाच. टोयोटाच्या बऱ्याच गिअरबॉक्ससाठी ही मर्यादा साधारण ३५ ते ४५ अंशांच्या आसपास आहे. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. ऑईल याहून थंड असताना पातळी जुळवली, तर गाडी तापल्यावर ते जास्त होते. फिरणारे भाग त्याला घुसळतात, फेस येतो आणि कधीकधी ब्रीदरमधून, म्हणजे गिअरबॉक्समधील हवा आत-बाहेर जाण्याच्या वाटेतून, ते बाहेर पडते. ऑईल जास्त गरम असताना चेक प्लग उघडला, तर फुगलेले ऑईल वाहून जाते आणि थंड झाल्यावर आत कमी उरते.

आपल्याकडच्या हवामानात याला एक वेगळी अडचण जोडली जाते, तिचा उल्लेख परदेशी व्हिडिओंमध्ये सापडणार नाही. मे महिन्यात नागपूर, चंद्रपूर किंवा अकोल्यात दुपारचे तापमानच ४५ अंशांच्या घरात असते. उन्हात उभ्या असलेल्या गाडीचे ऑईल इंजिन सुरू करण्याआधीच मर्यादेच्या वर गेलेले असते, आणि संध्याकाळी गाडी चालवून आणून लगेच काम करायचे म्हटले तर ते थंड व्हायला काही तास लागतात. अशा वेळी गाडी रात्रभर सावलीत उभी ठेवून पहाटे काम सुरू करावे. तापमान अंदाजाने ठरवू नये, किंवा पॅनला हात लावूनही ठरवू नये. गाडीच्या संगणकाला जोडून गिअरबॉक्सचे तापमान दाखवणारा ओबीडी स्कॅनर वापरावा. स्वस्त स्कॅनर पुष्कळदा फक्त इंजिनाचे तापमान दाखवतात, म्हणून विकत घेण्यापूर्वी तो आपल्या गाडीच्या गिअरबॉक्सची माहिती वाचतो का, हे पाहून घ्यावे.

बहुतेक गाड्यांत पातळी इंजिन चालू ठेवूनच पाहायची असते, कारण इंजिन बंद असताना वर खेळणारे ऑईल पॅनमध्ये उतरलेले असते आणि चेक प्लगमधून गरजेपेक्षा जास्त बाहेर पडते. त्याआधी ब्रेकवर पाय ठेवून गिअरचा दांडा पी, आर, एन, डी असा प्रत्येक ठिकाणी काही सेकंद थांबवत सावकाश फिरवावा आणि पुन्हा पीवर आणावा, म्हणजे आतल्या सर्व वाटा भरतात. होंडाच्या काही गाड्यांत मात्र इंजिन बंद करून लगेच पातळी पाहायची असते, त्यामुळे इथेही मॅन्युअलच प्रमाण मानावे.

चेक प्लग उघडल्यावर काय दिसते, ते नीट पाहा. सुरुवातीला थोडे ऑईल पडते. ते आतल्या उभ्या नळीत साठलेले असते, त्यावरून पातळी बरोबर आहे असे समजू नये. त्यानंतर धार लागली तर ऑईल जास्त आहे. ती धार बारीक होत होत थेंबांवर आली की प्लग बंद करावा. काहीच आले नाही, तर हातपंपाने थोडे थोडे ऑईल भरत राहावे. प्लगचा जुना वॉशर पुन्हा वापरू नये.

हे सगळे करताना गाडी पूर्ण समतल हवी. फक्त पुढची दोन चाके उचलली, तर पातळीचे गणितच चुकते. सोसायटीच्या पार्किंगची फरशी पाणी वाहून जावे म्हणून बहुधा एका बाजूला उतरती केलेली असते. डोळ्यांना तो उतार जाणवत नाही, पण पाणसळ ठेवली की लगेच कळतो. चारही बाजूंना मजबूत स्टँड लावावेत, नुसत्या जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. तळघरातील बंदिस्त पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून काम करणे जिवावर बेतू शकते, कारण तिथे कार्बन मोनॉक्साइड साठतो. जागा उघडी आणि हवेशीर असावी.

पॅन, फिल्टर आणि स्वच्छता

पॅन उतरवून फिल्टर बदलायचा असेल, तर जुन्या फिल्टरची ओ-रिंग (रबरी गोल कडी) फिल्टरसोबत निघाली की वरच्या भोकात चिकटून राहिली, हे टॉर्च लावून पाहावे. जुन्या रिंगवर नवी रिंग बसवली गेली तर फिल्टर नीट बसत नाही, पंप ऑईलसोबत हवा ओढतो आणि गाडी सुरू होताच बारीक घरघर ऐकू येते. पॅनमधील चुंबकांवर करड्या रंगाची मऊ, पेस्टसारखी पूड असणे स्वाभाविक आहे. बोटांना टोचणारे धातूचे तुकडे सापडले, तर मात्र काम तिथेच थांबवून गिअरबॉक्सच्या जाणकाराला दाखवावे.

आत पुसण्यासाठी सुताचे वेस्ट किंवा धागे सुटणारे फडके वापरू नये. एखादा धागा वॉल्व्ह बॉडीत गेला तर झडप अडकू शकते. पॅनचे बोल्ट सहसा लहान असतात आणि त्यांना ७ ते १२ न्यूटन-मीटर एवढाच जोर लागतो. लांब दांड्याच्या पान्याने ‘आणखी थोडे’ आवळले की ॲल्युमिनियमच्या आवरणातील आटे जातात, किंवा पॅनची कड वाकून गॅस्केट बाहेर येते आणि गळती कायमची मागे लागते. टॉर्क पाना वापरावा आणि समोरासमोरचे बोल्ट आलटून पालटून, टप्प्याटप्प्याने आवळावेत.

बदलल्यानंतर त्रास दिसला तर

डी किंवा आर दिल्यावर गाडी उशिरा उचलू लागली, चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, किंवा घरघर येते, तर पहिला संशय कमी पातळीवर घ्यावा. गाडी चालवून पाहू नये. योग्य तापमानाला पातळी पुन्हा तपासावी. पातळी बरोबर असूनही घरघर असेल, तर फिल्टरची ओ-रिंग पाहावी. पातळी ठीक आणि आवाजही नाही, पण गिअर बदलताना झटके बसतात, तर डब्यावरचे नाव पुन्हा वाचावे. ऑईलही योग्यच असेल, तर काही गाड्यांत कंपनीच्या स्कॅनरने गिअरबॉक्सच्या संगणकाची जुळवणी नव्याने करावी लागते. गळतीसाठी गाडीखाली रात्रभर पुठ्ठा पसरून ठेवावा, म्हणजे लाल डाग कुठे पडतात ते समजते.

ऑईल बदलल्यानेच गिअरबॉक्स गेला, असे अनेक जण सांगतात. माझ्या मते बहुतेक वेळा तो आधीच घसरू लागलेला असतो आणि त्यावर उपाय म्हणून ऑईल बदललेले असते. झिजलेल्या क्लचला नवे ऑईल वाचवू शकत नाही. ऑईल काळे, जळका वास आणि गिअर घसरणे ही तिन्ही लक्षणे एकत्र असतील, तर घरी काम हाती घेऊच नये.

उतरलेले ऑईल दुधाळ गुलाबी दिसले, तर त्यात पाणी शिरलेले आहे. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यातून गाडी काढताना ते ब्रीदरवाटे जाते, किंवा रेडिएटरमधील कूलर फुटून कूलंट मिसळते. कूलंटच्या टाकीत तवंग असेल, तर दुसरी शक्यता बळकट होते. पाण्यामुळे क्लचच्या पट्ट्यांचा चिकटवलेला थर सुटू लागतो, त्यामुळे अशी गाडी सुरू न करता टोइंगने गॅरेजला पाठवावी.

जुने ऑईल गटारात ओतू नये, आणि वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासायलाही देऊ नये. २०१६ च्या घातक कचऱ्याविषयीच्या केंद्रीय नियमांत वापरलेल्या ऑईलचा समावेश आहे. ते झाकणबंद कॅनमध्ये भरून, अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे ऑईल देणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन द्यावे. बिलाच्या मागे तारीख, किलोमीटर, किती ऑईल उतरले, किती भरले आणि पातळी किती अंशांवर पाहिली, हे लिहून बिल गाडीतच ठेवावे. पुढच्या वेळी उतरलेले ऑईल या वेळी भरलेल्या ऑईलपेक्षा कमी निघाले, तर मधल्या काळात कुठेतरी गळती झाली आहे हे त्यावरूनच कळते.