वादळात घराचे पत्रे उडाले, तर विम्याचा क्लेम कसा करावा

मृगाच्या आधीचं वादळ आलं की एकाच्या घराचे टिनपत्रे दुसऱ्याच्या वावरात जाऊन पडतात. सकाळी उठून माणूस आधी पत्रे गोळा करतो आणि छत झाकतो. ते करायलाच हवं, पाऊस कोणासाठी थांबत नाही. पण घराचा विमा असेल तर झाकण्याआधीचा अर्धा तास फार मोलाचा आहे. नुकसान मोजायला विमा कंपनी पाठवते तो सर्व्हेअर येईपर्यंत घर सावरलेलं असतं. मोडलेलं घर त्याला तुमच्या फोटोतच दिसणार.

विमा आहे का, ते बघा

पुष्कळांना आपल्या घराचा विमा आहे हेच माहीत नसतं. घरासाठी बँकेचं कर्ज घेतलं असेल तर खात्यातून विम्याचा हप्ता कापला गेला आहे का, ते पासबुकात बघा. शाखेत जाऊन पॉलिसीची प्रत मागा. कर्ज बाकी असेल तर क्लेमचे पैसे आधी बँकेकडे जाऊ शकतात, हेही तिथेच विचारून घ्या.

१ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्या राहत्या घरासाठी 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी देतात. आग, वीज पडणं, वादळ, पूर यांनी झालेलं नुकसान त्यात येतं. इमारतीचा विमा घेतला की घरातलं सामानही त्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप धरलं जातं. पण भाव वाढेल म्हणून घरात भरून ठेवलेला कापूस किंवा सोयाबीनची पोती घरगुती सामानात येतात असं समजू नका. विक्रीच्या मालाचा विमा वेगळा असतो. बैलांचा कोठा पॉलिसीत आहे की नाही, तेही वाचा. वावरातल्या उभ्या पिकाचा विमा ही तर सगळी वेगळीच योजना आहे.

फोटो आधी, ताडपत्री नंतर

घराच्या चारही बाजूंनी फोटो काढा. मग आत जाऊन उघडं पडलेलं छत, भेगा पडलेली भिंत, भिजलेलं धान्य, गाद्या, टीव्ही, फ्रिज. एक व्हिडिओ सलग घ्या, दारापासून शेवटच्या खोलीपर्यंत, म्हणजे कोणती भिंत कुठली ते कळतं. मग ताडपत्री टाका. नुकसान वाढू न देणं ही तुमचीही जबाबदारी आहे. उघडं ठेवल्यामुळे पुढच्या पावसात जे आणखी भिजलं, त्यावर कंपनी बोट ठेवू शकते. ताडपत्रीची आणि मजुरीची पावती ठेवा.

मोडके पत्रे, तुटलेले कवेलू, जळालेली वायर यातलं काहीही सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत भंगारवाल्याला देऊ नका.

कंपनीला कळवा, त्याच दिवशी

इथेच गावातले बहुतेक क्लेम अडतात. तलाठी येऊन पंचनामा करून गेले की लोकांना वाटतं, काम झालं. पण तो पंचनामा शासनाच्या मदतीसाठी असतो. त्याने विमा कंपनीला काहीच कळत नाही. पॉलिसीवरच्या टोल फ्री नंबरवर स्वतः फोन करा, क्लेम नंबर लिहून घ्या आणि तीच माहिती ईमेलने किंवा शाखेत लेखी देऊन पोच घ्या. पंचनाम्याची प्रत मात्र जरूर जोडा, पुरावा म्हणून ती वजनदार आहे. घराचा कागद म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढून ठेवा. आग लागली असेल तर पोलीस ठाण्यात आणि अग्निशमन दलाकडे नोंद हवी.

सर्व्हेअर आल्यावर

विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, म्हणजे विमा नियामकाच्या, २०२४ च्या नियमांप्रमाणे कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा असतो, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीने ७ दिवसांत निर्णय कळवायचा. या तारखा घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

तो येईल तेव्हा घरातलं जाणतं माणूस हजर असू द्या. नुकसानीची यादी दोन प्रतींत तयार ठेवा: काय गेलं, केव्हा घेतलं, अंदाजे किंमत. मिस्त्रीकडून दुरुस्तीचं लेखी अंदाजपत्रक घ्या, त्यात पत्र्यांची संख्या आणि मजुरी वेगवेगळी लिहायला सांगा. आकडा फुगवू नका. एक खोटी ओळ सापडली की बाकीच्या खऱ्या ओळींवरही शंका येते, आणि खोट्या दाव्यावर अख्खा क्लेम नाकारता येतो. तो काही मोजायचं विसरला तर तिथेच दाखवा. त्याचं नाव, नंबर आणि आल्याची तारीख लिहून घ्या.

रक्कम कमी आली, किंवा नकार आला तर

कपात का झाली ते लेखी मागा, सर्व्हेअरच्या अहवालाची प्रतही मागा. जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत चार लाखांच्या घराचा दोन लाखांचाच विमा असेल तर भरपाईही निम्मीच मिळते. 'भारत गृह रक्षा'मध्ये ही कपात नाही. रक्कम मान्य नसताना 'पूर्ण व अंतिम' लिहिलेल्या कागदावर सही करू नका.

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या नंबरवरही तक्रार करता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालांकडे, म्हणजे ग्राहक आणि कंपनी यांच्यातला वाद सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. ५० लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो आणि कंपनीकडे आधी तक्रार केली होती हे दाखवावं लागतं, म्हणून त्या तक्रारीची पोच पॉलिसीसोबतच ठेवा.